आमचं तोंड तुमच्याकडं, तुमचं नाव कुठाय?



या महिन्याची बैठक काशीदच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या वाडीत झाली. शनिवार होता. खाली समुद्रावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागली होती आणि आपल्या बायका टोपल्या घेऊन रस्त्याकडेला बसल्या होत्या. त्या वर येईपर्यंत सगळे थांबलो. कागदावर विषय होते वनहक्काचे पडून राहिलेले दावे आणि रोजगार हमीची थकलेली मजुरी. पण खरं बोलणं झालं ते वेगळ्याच गोष्टीवर, आणि दिवेलागण होऊन गेली तरी ते संपलं नाही. म्हणून ते इथं लिहून काढतो आहोत. जे आले नव्हते त्यांनाही कळावं, आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवावं.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात आपल्या एका वाडीवर रात्री गाडी आली. सात-आठ जण उतरले. आत खाकी, वर रेनकोट. रेनकोटामुळं छातीवरची नावाची पाटी झाकलेली. घरातले कोयते उचलले, दोन पोरांना गाडीत घातलं. कुठं नेता, कशापायी नेता, काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं परत आली ती पाठीवर वळ घेऊन. अटक दाखवलेलीच नव्हती, त्यामुळं सुटकेचाही कागद नाही. तक्रार द्यायला गेलो तर पहिला सवाल, “मारलं कोणी? नाव सांगा.” नाव माहीत नाही म्हटल्यावर दुसरा सवाल, “मग तक्रार कोणाविरुद्ध घेऊ?” पुढं लेखी उत्तर आलं की त्या रात्री आमचा कोणी कर्मचारी तिकडं गेलेलाच नाही.

वळ आहेत, मारणारा कोणी नाही.

बैठकीत आपला कॉलेजला जाणारा एक पोरगा उठला. त्याच्याकडं त्या रात्रीचा मोबाईलवरचा व्हिडिओ आहे, मिनिटभराचाही नाही. बॅटरीच्या उजेडात दोन चेहरे दिसतात. तो म्हणाला, “आता फोटोवरून माणूस शोधणारं मशीन निघालंय. पोलिसांचे फोटो फेसबुकवर असतात, बक्षीस समारंभाच्या नि गणपतीच्या बंदोबस्ताच्या बातम्यांत असतात. ते जमवू, मशीनला देऊ, नाव काढू. मग नाव नि फोटो टाकून नाक्यावर फ्लेक्स लावू. बघू कोण म्हणतो आमचा माणूस गेलाच नव्हता!” अर्ध्या बैठकीनं टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्याही काहींनी वाजवल्या, ते लपवत नाही.

पत्रकाचं काम बघणारे आम्ही त्यावर नंतर दोन वेळा बसलो, वकील साथींशी बोललो, वाचलं. आमचं जे मत झालं ते मांडतो.

पहिली गोष्ट, पोराचा राग बरोबर आहे. कारण चेहरा द्यायची सक्ती आज फक्त आपल्यावर आहे. अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार पाहिजे तर २०२५ च्या जुलैपासून आईचा चेहरा पोषण ट्रॅकरच्या ॲपमध्ये जुळला पाहिजे. डोंगरात रेंज नसली की चेहरा जुळत नाही, आणि बाई पोर कडेवर घेऊन रिकाम्या हातानं परत जाते. रोजगार हमीच्या कामावर मजुरांचा फोटो दिवसातून दोनदा काढायचा नियम आला. २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आला, त्यानं पकडलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे, तळहात, डोळ्याची बुबुळं नि फोटो घेता येतात आणि ती नोंद ७५ वर्षं ठेवता येते. आपल्यातला किती जण पंचाहत्तरी बघतो ते सांगायला नको! महाराष्ट्र पोलिसांकडं ‘ॲम्बिस’ नावाची यंत्रणा आहे, ती ठसे, डोळे नि चेहरा अशा तिन्हींवरून माणूस हुडकते.

बैठकीत एक आजी बोलली, तेच खरं या लेखाचं सार आहे: “आमचा तोंड त्यांना पायजे, मग त्यांचा नाव आमाला का नाय?”

तर कायदा आजीच्याच बाजूनं आहे. १८ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टानं डी. के. बसू यांच्या खटल्यात ११ नियम घालून दिले. त्यातला पहिलाच नियम असा, की अटक करणाऱ्या नि चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्वच्छ दिसेल अशी पाटी पाहिजे. अटकेचा पंचनामा जागेवर करायचा, त्यावर घरच्या नाहीतर गावातल्या जाणत्या माणसाची साक्ष घ्यायची, वेळ आणि तारीख घालायची. हेच आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे, आणि ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्याच कलम १०५ प्रमाणे झडती घेताना आणि माल जप्त करताना पोलिसांनी स्वतः व्हिडिओ काढायचा आहे. म्हणजे त्या रात्री कोयते नेले तेव्हा व्हिडिओ त्यांनी काढायला पाहिजे होता. रेनकोटाची सूट कुठल्याही कलमात नाही.

मग पाटी का झाकतात? कारण ‘अज्ञात’ या शब्दाचा फायदा मोठा आहे. परभणीचंच बघा. डिसेंबर २०२४ मध्ये तिथं संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यावरून आंदोलन पेटलं आणि पोलिसांनी वस्त्यांतून धरपकड केली. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. गुन्हा नोंदवायला आईला हायकोर्टात जावं लागलं. औरंगाबाद खंडपीठानं जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवा म्हणून सांगितलं, राज्य सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं नि तिथं हरलं. तेव्हा कुठं गुन्हा नोंदला, आणि तोही अज्ञात पोलिसांवर. ज्या खात्याकडं प्रत्येक शिपायाचा फोटो, ठसे, बक्कल नंबर आणि रोजची ड्युटी लिहिलेली आहे, त्या खात्याला स्वतःची माणसं अज्ञात!

ही गोष्ट आजची नाही. आपल्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांत आपला नाग्या कातकरी आहे. मेलेल्यांची नावं आपण दरवर्षी घेतो, ती दगडात कोरलेली आहेत. बंदूक धरणाऱ्या हातांची नावं आपल्यातल्या कोणालाच पाठ नाहीत.

म्हणून पोराचं मशीन आम्ही हसण्यावारी नेलं नाही. असं दुसरीकडं झालेलंही आहे. अमेरिकेत पोर्टलंड शहरात २०२० साली काळ्या लोकांवरच्या अत्याचाराविरुद्ध महिनोन्‌महिने मोर्चे निघाले. तिथल्या पोलिसांना नावाच्या पाटीवर पट्टी चिकटवायची मुभा मिळाली. तेव्हा एका माणसानं पोलिसांचे फोटो जमवून चेहरा ओळखणारं मशीन घरच्या घरी तयार केलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पाओलो चिरिओ नावाच्या कलाकारानं मोर्चांच्या फोटोंतून पोलिसांचे ४,००० चेहरे काढले आणि लोकांना म्हणाला, यांची नावं सांगा. गृहमंत्री खवळला, प्रदर्शन रद्द झालं, चिरिओनं चेहरे उतरवले. बेलारूस देशात तर तोंडावर कापड बांधलेले पोलीसही मशीननं ओळखता येतात असा दावा करून एकानं ते दाखवून दिलं. तेव्हा आपल्या पोराला जे सुचलं ते जगात अनेकांना सुचलंय.

तरीही आमचं मत असं आहे की, नाव काढून नाक्यावर फ्लेक्स लावायचं काम आपण मशीनच्या भरवशावर करू नये. त्याची तीन कारणं देतो.

एक. मशीन चुकतं. ते काय करतं? डोळ्या-नाकातलं अंतर, हनुवटी, कपाळ मोजून त्याचे आकडे करतं आणि साठवलेल्या आकड्यांशी ताडून बघतं. ‘हाच तो’ असं ते कधी सांगत नाही. ‘इतके टक्के जुळतो’ एवढंच सांगतं. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात सांगितलं की ८० टक्के जुळलं की आम्ही ते जुळलं असं धरतो. याच दिल्ली पोलिसांनी २०१८ साली हायकोर्टात कबूल केलं होतं की हरवलेली पोरं शोधताना आमचं मशीन शंभरात दोनदाच बरोबर ठरतं. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात रॉबर्ट विल्यम्स नावाच्या काळ्या माणसाला २०२० साली मशीननं चोर ठरवलं. बायको-पोरींच्या देखत हातकड्या घातल्या, रात्रभर कोंडलं. चोर दुसराच होता. एवढ्या मोठ्या खात्यांची मशीनं अशी चुकतात, तर बॅटरीच्या उजेडात, पावसात काढलेल्या आपल्या व्हिडिओवरून फेसबुकचे फोटो किती बरोबर जुळतील?

दोन. चुकलं तर काय होतं ते आपल्याइतकं कोणाला कळतं? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला. पण आजही बंगल्यात चोरी झाली, आंब्याच्या बागेत कोणी शिरलं, की पहिली गाडी कातकरवाडीवर येते. “तुम्ही सगळे सारखेच दिसता” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ज्यांनी आयुष्यभर चुकीच्या ओळखीचा मार खाल्ला, त्यांनी दुसऱ्या कोणाला तोच मार द्यावा का? समजा, आपण फ्लेक्स लावला आणि तो शिपाई त्या रात्री रजेवर होता. त्याची पोरगी शाळेत जाते, तिथं तिनं काय ऐकायचं? तोही कुठल्या कुणब्याचा, कोळ्याचा, नाहीतर ठाकराचा पोरगा असतो. आणि आपण एकदा चुकलो की खरा मारणारा सुटला. मग आपला खरा व्हिडिओही कोणी बघणार नाही, वर अब्रुनुकसानीची केस आपल्या पोरावर पडेल.

तीन. हे मशीन ज्याच्याकडं जास्त फोटो, त्याचं. आपण चाळीस-पन्नास फोटो जमवू. त्यांच्याकडं अंगणवाडीपासून आधारपर्यंत सगळे चेहरे आहेत. ‘मशीननं सांगितलं म्हणजे तोच’ हे आज आपण मान्य केलं, तर उद्या वनहक्काच्या मोर्चातले आपले चेहरे असेच काढले जातील तेव्हा आपण कोणत्या तोंडानं नको म्हणणार? तेलंगणात अशाच मशीनविरुद्ध हैदराबादच्या एस. क्यू. मसूद या कार्यकर्त्यानं हायकोर्टात दाद मागितली आहे. रस्त्यात उभं करून पोलिसांनी त्याचा फोटो काढला, तिथून ते सुरू झालं. ती लढाई आपलीही आहे. ती लढायची असेल तर आपले हात स्वच्छ पाहिजेत.

बैठकीत एक सवाल आला, तो टाळता येणार नाही. “मग काय, आपण गप्प बसायचं? व्हिडिओ मोबाईलमध्ये कुजवायचा?” नाही. वर्दीतला माणूस ड्युटीवर असताना खाजगी माणूस नसतो. लोकांच्या पैशानं, लोकांच्या नावानं तो काठी उचलतो, तेव्हा त्याचं नाव लोकांना कळलंच पाहिजे. आमचं म्हणणं एवढंच, की नाव शोधून द्यायचं ओझं मार खाल्लेल्याच्या डोक्यावर नको, खात्याच्या डोक्यावर पाहिजे. आपण व्हिडिओ द्यायचा आणि सांगायचं, तुमची ड्युटीची वही काढा, गाडीचं लॉगबुक काढा, स्टेशन डायरी काढा आणि सांगा हे दोघं कोण. तरी म्हणाले ओळखू येत नाही, तर कोर्टानं नाहीतर पोलीस तक्रार प्राधिकरणानं हुकूम द्यावा, की आमच्यासाठी आणलेलं तेच मशीन एकदा तुमच्या माणसांच्या फोटोंवर चालवा. निकाल आधी चौकशीपुढं जावा, त्या शिपायालाही बोलायची संधी मिळावी, पंचनामा, साक्षीदार नि वह्या यांच्याशी तो ताडून बघावा, आणि खरं ठरलं की नाव, हुद्दा, शिक्षा सगळं जाहीर व्हावं. मशीनचा एवढा वापर आम्हाला मान्य आहे. एकट्या मशीनच्या शब्दावर कोणालाही, मग तो आपला पोरगा असो की शिपाई, दोषी धरायचं नाही.

आणि नाव कळलं म्हणजे न्याय मिळाला असंही नव्हे. गडचिरोलीकडं देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. नावं माहीत होती, चेहरे माहीत होते, खटला चालला. हायकोर्टानं शिक्षा दिली आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टानं दोघांना सोडलं. पुढं १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी, सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. बायका देशभर रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. एका आदिवासी पोरीनं ठाण्याविरुद्ध तोंड उघडलं आणि तिच्या मागं लोक उभे राहिले, म्हणून ते झालं. मशीन नाव सांगेल, पण मागं उभं राहायचं काम आपलंच आहे.

आता करायचं काय, ते थोडक्यात. पुढच्या बैठकीत यावर ठराव घेऊ.

१. प्रत्येक वाडीत एक वही ठेवा. वर्दीतलं कोणी आलं, मग पोलीस असो की वनखातं, त्याच रात्री लिहा: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, किती माणसं, काय नेलं, कोणाला नेलं. बाहीवर तीन फिती म्हणजे हवालदार, खांद्यावर दोन तारे म्हणजे फौजदार. पाटी दिसली तर नाव, बक्कल नंबर दिसला तर नंबर. पाटी झाकलेली असेल तर ‘झाकलेली होती’ असंही लिहा. खाली तिघांच्या सह्या किंवा अंगठे.

२. नाव विचारा. एकट्यानं नको, चार-पाच जणांनी मिळून, बायका पुढं, आवाज न चढवता. “साहेब, तुमचं नाव काय, ठाणं कोणतं?” नुसतं नाव विचारणं हा सरकारी कामात अडथळा होत नाही. अंगाला हात लावायचा नाही, गाडी अडवायची नाही.

३. व्हिडिओ काढता आला तर काढा. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये सांगितलंय की पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढणं हा सरकारी गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा नाही. काढलेला व्हिडिओ कापू नका, त्यावर गाणी-बाण चिकटवू नका, ग्रुपवर फिरवू नका. तो ज्या मोबाईलवर काढला तो मोबाईल जपा. कोर्टात साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील साथी करून देतील.

४. पोरांना ठाण्यात नेलं असेल तर कॅमेऱ्याचं चित्रण ताबडतोब लेखी मागा. २ डिसेंबर २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टानं प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण १८ महिने, अगदीच जमलं नाही तरी १ वर्ष तरी ठेवायला सांगितलंय. उशीर केला तर पुसलं जाईल. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. माणसाच्या जिवाचा नि स्वातंत्र्याचा सवाल असला तर ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. मात्र २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारात बदल केलाय, त्याच्या आडोशानं ‘कर्मचाऱ्याचं नाव ही खाजगी माहिती आहे’ असं उत्तर येईल. ते मान्य करू नका, अपील करा.

५. अंगणवाडीत चेहरा जुळला नाही म्हणून आहार नाकारला, तर तेही त्याच वहीत लिहा. मशीन किती चुकतं याचा पुरावा आपल्या पोटाइतका पक्का दुसरा नाही. तो पुढं कामाला येईल.

आपल्या त्या पोराला आम्ही सांगितलं, व्हिडिओ सांभाळ, तो अर्जाबरोबर जाणार आहे. तो आधी नाराज होता. मग म्हणाला, “वही मी लिहितो.” त्याच्या वाडीची वही सुरू झालीय. पहिल्या पानावर त्या रात्रीची हकिगत आहे, सात-आठ रेनकोट आणि गाडीच्या नंबरातले आठवलेले शेवटचे दोन आकडे. त्याखाली आजीचा अंगठा आहे.

एक शेवटचं. हे पत्रक आपण अजून स्टेन्सिल कापून, शाई लावून हातानं फिरवून काढतो. त्यात फोटो नीट उमटत नाही, नुसता काळा डाग पडतो. त्यामुळं आमच्यापुढं चेहरा छापायचा मोह तसाही नाही. नाव मात्र स्वच्छ उमटतं, लांबून वाचता येतं. ज्या दिवशी त्या रात्रीची नावं चौकशीत खरी ठरतील, त्या दिवशी ती इथं, याच पानावर, हुद्द्यासकट छापू. त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.

पुढची बैठक अमावास्येनंतरच्या शनिवारी. सगळ्या वाड्यांनी वह्या घेऊन यायचं.

जिंदाबाद!